उंबरं कोण आणतं?

एका जंगलात, मुलांनो, सोपानराव नावाचे धनेश पक्षी राहत होते. धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीत बसते आणि दार चिखलाने, स्वतःच्या विष्ठेने लिंपून घेते. नाकं मुरडू नका. तुमच्या फ्लॅटच्या भिंतीत बिल्डरने काय घातलंय ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

चोचीपुरती फट उरते. तिच्यातून नराने मादीला आणि पिल्लाला उंबरं भरवायची. तीन महिने, रजा नाही.

सोपानराव बिचारे आपल्या गोदाबाईला आणि पिल्लाला नेमाने भरवत होते. एवढ्यात शहरातल्या प्रयोगशाळेतून बजाबा माकड परतलं. तिथे ते टेबलाच्या नेमकं कुठल्या बाजूला होतं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

"कशाला राबतोस?" बजाबा म्हणालं.

"गोदावर जीव आहे माझा."

"छे! मेंदूत पेप्टाइड नावाचा रस सुटतो. हार्मोनचा चुलतभाऊच. तो पेशी-पेशींमधले सांधे घट्ट करतो, सैल करतो. जीव वगैरे त्याचा. तू नुसता हमाल."

सोपानरावांना एकदम हलकं वाटलं. ते फांदीवर पाय मुडपून बसले.

दुपारी फटीतून चोच बाहेर आली. "अहो, उंबरं?"

"गोदा, मला ज्ञान झालंय. उंबरं मी आणतच नव्हतो. पेप्टाइड आणत होतं."

"मग त्याला पाठवा! पिल्लू सकाळपासून उपाशी आहे."

"ते दिसत नाही गं."

"तुम्ही तरी कुठे दिसताय? मला फटीतून नुसती उंबरं दिसतात."

आत पिल्लू चिरकलं. अगदी बारीक. त्यात जोर उरला नव्हता.

सोपानरावांचे पंख आपोआप उघडले. "बघ, सुटला रस!" असं ओरडत ते उंबराकडे सुटले आणि तोंडभर उंबरं घेऊन आले. पिल्लू वाचलं. मला फार बरं वाटलं, खरंच सांगतो.

पुढे भिंत फुटली, पिल्लू उडालं. जंगलाने सोपानरावांना 'आदर्श पती' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष बजाबा. सोपानराव तासभर बोलले. स्वतःच्या त्यागाबद्दल.

पिसं झडलेली गोदाबाई मागच्या फांदीवर होती. घरी जाताना तिने विचारलं, "शाल पेप्टाइडला नाही का द्यायची?"

"एवढ्या लहान मापाची मिळत नाही," सोपानराव म्हणाले आणि शाल घट्ट लपेटून घेतली.

तात्पर्य: काम करायची वेळ आली की आपण म्हणजे नुसता मेंदूतला रस. सत्काराच्या वेळी मात्र जातीने हजर राहावं.