पडेगाव बसचे तपासनीस

कुणी उत्साहानं सांगायला गेलं, की काल एक झकास मालिका बघितली, तर साहेबराव गाडेकर मामा आधी सांगणाऱ्याचं तोंड न्याहाळतात आणि मग विचारतात, "तुला त्यात काय मिळतंय?" एवढ्यावरच निम्मे लोक गप्प होतात. उरलेल्यांना दुसरा प्रश्न येतो, "पुरी बघितली का नुसती ऐकली?"

आमच्या कंपनीची बस सकाळी पडेगावहून निघते आणि अख्खं शहर ओलांडून शेंद्र्याला जाते. दर सोमवारी या बसमध्ये बाजार भरतो. ज्यानं त्यानं सुट्टीत काय नवं बघितलं, ऐकलं, शोधून काढलं ते मांडायचं. कुणी कोरियन मालिका आणतं, कुणी अहिराणी रॅप. माझ्यासोबत डिस्पॅचला असलेली वैशाली भुताखेतांचे पॉडकास्ट आणते. बस चालवणाऱ्या युसूफ चाचांना फक्त कव्वाली चालते, मग ती कोणत्याही नव्या ठेक्यात असो. आणि या सगळ्या मालाची तपासणी मामा करतात.

मामा कंपनीत क्वालिटीला आहेत. माल पास झाला तर हिरवी चिठ्ठी, नापास झाला तर लाल, शंका असली तर पिवळी. नोकरीत आयुष्य गेलं, आता चिठ्ठ्या खिशातच राहतात. बसमध्ये कुणी काही सुचवलं, की मामा शनिवार-रविवार ते बारकाईनं बघतात आणि सोमवारी सुचवणाऱ्याच्या सीटवर चिठ्ठी चिकटवतात. बहुतेक लालच.

"गरिबाचं घर म्हणतेत अन् मागं हांडे नवेकोरे. लाल."

"पोरगी पावसात भिजली, वेणी वाळकीच. लाल."

वैशालीच्या भुतावर तर त्यांचा फार राग. "ते बरोब्बर बाराला कसं येतंय? त्याला शिफ्ट लावलीय का?"

हिरवी चिठ्ठी मी एकदाच पाहिली. ती फाटकं पोतं शिवायच्या एका रीलला मिळाली होती.

मला मामा आवडायचे, कारण मीही त्यातलीच. भाजीवाल्यानं एक लिंबू जास्त टाकलं, तर मी बाकीची सगळी दाबून बघते. जगात कुणी उगाच चांगलं वागत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे या दिवाळीनंतर एका सोमवारी मामांनी स्वतःच एक नवा शोध आणला, तेव्हा माझे कान टवकारले.

"ताई, ही एक रील बघ बरं," ते हळूच म्हणाले. "पुरी बघ. शेवटपर्यंत."

लोकरीच्या गोष्टींचं कुठलंसं चॅनेल होतं. कच्च्या लोकरीची मेंढरं, कुत्रं, घोंगडी पांघरलेला म्हातारा. कुणी मुलगी त्या बाहुल्या तसूतसूनं हलवून, दर वेळी फोटो काढून मिनिटभराची गोष्ट करत होती. करताना तिचे हात तेवढे दिसायचे आणि शेवटी ती स्वतः येऊन दोन-चार वाक्यं बोलायची. बघणारे फारसे नव्हते. पण खरं सांगते, वाट चुकलेलं ते लोकरीचं कोकरू मी लागोपाठ तीनदा बघितलं. एवढं सुंदर काही मामा सुचवतील, हेच मला पटेना.

दुसऱ्या दिवशी परीक्षा सुरू झाली.

"बघितलीस? मग सांग, नखं कातरलेली व्हती का वाढलेली?"

"कोकराला नखं कुठली, मामा?"

"कोकराची नाय. तिची."

मी मनात म्हटलं, मामा बघितल्याचा पुरावा मागतायत, जुनी खोड. पण त्या आठवड्यात मामांनी ती रील पंधरा जणांना बघायला लावली आणि प्रत्येकाला वेगळं विचारलं. मागं खिडकी होती का? खिडकीला जाळी होती का? आवाज बसल्यावाणी वाटतोय का? वैशाली न बघताच "हो हो, छान होती" म्हणाली, तर मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. युसूफ चाचांना गाडी चालवताना विचारलं, की पोरीच्या बोटाला पट्टी होती का. चाचा म्हणाले, "अरे मामू, मैं रोड देखूँ के उंगली देखूँ?"

बसमध्ये कुजबुज सुरू झाली. आधी वाटलं, मामांना बघणाऱ्यांमागे कमिशन मिळत असणार. मग वैशालीनं माझ्या कानात जे म्हटलं ते मला झोंबलं, पण खोडताही येईना. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि एका परक्या तरण्या पोरीची नखं, खिडकी, आवाज यांची चौकशी करतो. नवी रील आली की आमच्याही आधी त्याला खबर असते. हे बरं लक्षण होतं का? बायकांनी मामांच्या शेजारची सीट रिकामी सोडायला सुरुवात केली. पुरुष तोंडावर हसायला लागले. मामांच्या ध्यानात आलं असेल, पण त्यांचे प्रश्न थांबले नाहीत.

शेवटी एका सकाळी मीच त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "मामा, ही पोरगी कोण?"

मामांनी मागच्या-पुढच्या सीटवर कुणी ऐकतंय का ते बघितलं.

"लेक हाये माझी," ते म्हणाले. "धाकली. रुक्मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. घरात लोकर पडलेली असायचीच. रुक्मीनं त्यातून पहिली फिल्म केली आणि आधी बापाला दाखवली. भावकी जमली होती. मामांनी चष्मा लावला, दोनदा बघितली आणि सगळ्यांपुढं निकाल दिला, मेंढीला तीनच पाय दिसतेत, रिजेक्ट. वर म्हणाले, बाहुल्या खेळून पोट भरत नसतं. पोरगी पुण्याला निघून गेली. जाताना स्वतःच्या गळ्याला हात लावून म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ हाये बाबा. माझं एकबी काम तुमी बघायचं नाय." त्याला दोन वर्षं झाली होती, आणि मामांनी अजून तिची एकही रील बघितली नव्हती.

"मंग एकदा मेंढरांच्या वाड्यात मेंढी बसल्याली बघितली," मामा म्हणाले. "चवथा पाय पोटाखाली दुमडलेला. तिनं बरोबर केलं व्हतं, ताई. धनगराच्या पोटी जन्मून मलाच दिसलं नाय."

"मग मामींना विचारा की पोरीचं."

"ती नवी रील आली तेवढं सांगते. पुढं इच्यारलं की, सगळं बरंय. दोघी एका पार्टीच्या. तिचा काय भरवसा?"

"भुतावर तुमचा विश्वास नाही, आणि शपथेवर आहे होय?"

मामांनी माझ्याकडे रागानं बघितलं. "इस्वास नाय. पण लेकीच्या जिवावर टेस्टिंग करू का?"

आता शपथ ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची असते. मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रुक्मीला तिच्या चॅनेलवरूनच निरोप पाठवला. उलट निरोप आला, तुम्ही कोण? तुम्हाला यात काय मिळणार? पुरावा? खाण तशी माती! मी मामांनी विचारलेले सगळे प्रश्न एकाखाली एक लिहून पाठवले, नखांपासून पट्टीपर्यंत. चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी तिचा नंबर आणि तिच्या आवाजातला निरोप आला, "बाबांना सांगा, शपथ सुटली."

मी बसमध्ये मोठ्या तोऱ्यात तो निरोप मामांना ऐकवला. मामांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढून माझ्या फोनवर चिकटवली.

"आजकाल कुणाचाबी आवाज बनवितेत," ते म्हणाले. पण चिठ्ठी चिकटवून झाल्यावर त्यांनी फोन कानाशी नेऊन तो निरोप पुन्हा ऐकला, आणि मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की मी तिथल्या तिथं रुक्मीला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

मामांनी फोन आधी उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "कोण बोलतंय?" तिनं नाव सांगितलं असावं. "रुक्मी म्हंजी कोणती रुक्मी?" पुढं त्यांनी आजोळचं गाव विचारलं, कुत्र्याचं नाव विचारलं. युसूफ चाचांनी कव्वाली बंद केली. पलीकडून पोरगी ओरडून म्हणाली, ते मलाही ऐकू आलं, "शपथ सुटली बाबा! सुटली म्हणते ना! बघा आता सगळं!"

"बघतो. ते बघतो की," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "पण त्यात सगळेच बरे दिसतेत. हे बसमधले लोक काय, काहीबी सांगतेत. तुझी आई तसलीच. तू सांग. बरी हाईस का?"

शेंद्र्याचं गेट आलं. माणसं उठली, पण उतरताना कुणी गडबड केली नाही. रुक्मी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मामा फोन दोन्ही हातांनी कानाला धरून बसले होते.

"हां," ते म्हणाले. "आता परत एकदा सांग."