वस्तू क्रमांक सत्तेचाळीस

फारूख मिस्त्रींची थापी सरकारजमा झाली. पण ते सोडा. अजून तसं काही झालंच नाही, असं धरून सुरुवातीपासून बघू या.

हर्सूलच्या पुढं पुरातत्त्ववाल्यांचं उत्खनन चालू होतं आणि सापडलेल्या वस्तू ठेवायला फारूख मिस्त्री तिथं एक खोली बांधत होते. शेवटची भिंत संध्याकाळपर्यंत उभी राहिली नाही, तर काम सखाराम मिस्त्रीला जाणार होतं. आता, चहाला जाताना कुठलाही मिस्त्री थापी मातीत खोचून जातो. फारूख मिस्त्रींनीही खोचली. माती तेवढी उत्खननाच्या खड्ड्यातली निघाली.

परत येऊन बघतात तर थापीशेजारी मोजपट्टी, आणि प्रशिक्षणाला आलेली श्रेया पोटावर पडून फोटो काढतेय.

"ताई, ती माझी हाय."

"चाचा, हात नका लावू! नंबर पडलाय. सत्तेचाळीस."

"अगं, तिकडं सिमेंटचा माल भिजवलाय! अर्ध्या तासात दगड होईल त्याचा."

श्रेयाने सोमनाथ सरांना बोलावलं. उत्खननाचे प्रमुख तेच.

"तुमचीच कशावरून?" सरांनी विचारलं.

फारूख मिस्त्रींनी वाकून बोट दाखवलं. "मुठीवर 'फा' कोरलाय की, साहेब."

सर गुडघ्यांवर बसले. "श्रेया, लेखसुद्धा आहे! नोंद दुरुस्त कर."

"लेख कसला? मी कोरलाय. खिळ्यानं!"

"लिही गं, खिळ्याने."

दया येऊन श्रेयाने स्वतःची खोदकामाची थापी दिली. तळहाताएवढी, टोकदार.

"हिच्यानं भिंत? हिच्यानं आमची बेगम चटणीबी वाढणार नाय!" म्हणत मिस्त्री घमेल्याकडं धावले. माल घट्ट होत आला होता. तिसऱ्या खेपेला थापी मालात रुतली, ती रुतलीच.

"ओढू नका!" श्रेया किंचाळली. "आधी फोटो!"

अठ्ठेचाळीस : घमेलं, थापीसकट.

ऊन कललं. भिंत गुडघ्याएवढीच.

"साहेब, माझी थापी सुटंल कधी?"

"भांडारात जमा झाली की लगेच."

"भांडार कुठं हाय?"

सरांनी गुडघ्याएवढ्या भिंतीकडं बोट दाखवलं.

तेव्हा मिस्त्रींनी श्रेयाकडूनच अर्ज लिहवून घेतला :

"वस्तू क्रमांक ४७ व अर्जदार हे समकालीन असून एकाच थरात सापडले आहेत. तरी दोघांची ताटातूट न करता अर्जदारासही क्रमांक ४९ देऊन दोघांचे याच जागी, चालू स्थितीत जतन करावे. तसेच सखाराम मिस्त्रीस सभोवतालच्या शंभर मीटरांत बांधकामास कायमची मनाई करावी, ही नम्र विनंती."