समासातलं भांडण

पुस्तक सोमवारी घरी आलं आणि मुलाने दप्तर खाली ठेवायच्या आत आईने त्याला कव्हर घातलं.

सातवीच्या वर्गाला एक कादंबरी अभ्यासाला होती. दोन मुलांच्या मैत्रीची. एक हुशार आणि भित्रा, दुसरा नावाड्याचा, उनाड आणि धीट. एक नदी, एक फुटकी होडी, एकशे चाळीस पानं. ग्रंथालयात प्रती कमी होत्या म्हणून बाईंनी दोघांत एक प्रत वाटली होती. तीन दिवस एकाकडे, तीन दिवस दुसऱ्याकडे. शेवटी जोडीने वर्गासमोर उभं राहून कादंबरीवर बोलायचं. गुण वीस.

आई धास्तावली ती 'बोलायचं' ऐकून. तिचा मुलगा इतकं हळू बोलायचा की वर्गाने त्याचं नाव 'पुसट' ठेवलं होतं. मागच्या सहामाहीला तो फळ्यासमोर चार मिनिटं उभा राहिला आणि एक अक्षर न बोलता जागेवर जाऊन बसला. वीसपैकी शून्य. ते शून्य मुलगा दुसऱ्या दिवशी विसरला. आईने ते जपून ठेवलं होतं.

"जोडीदार कोण आहे?"

मुलगा काहीतरी पुटपुटला.

"कोण?"

"भोंगा."

हा मुलगा फाटकाशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या आयांना ठाऊक होता. तो तिसऱ्या मजल्यावर शिंकला की खाली फाटकाजवळ कळायचं. आई म्हणाली, "संपलं. तो बोलत सुटणार आणि तू फळ्याला टेकून उभा राहणार."

तिने कादंबरी दीड दिवसात वाचून काढली. साहित्य घेऊन पदवी मिळवली होती, ती कधीतरी कामाला यायलाच हवी होती. एक्केचाळीस कार्डं तयार झाली. पुस्तक ग्रंथालयाचं, म्हणून समासात खुणा केल्या त्या मात्र पेन्सिलीने. 'इथे लक्ष दे!' 'हे वाक्य महत्त्वाचं.' 'नदी म्हणजे काय? विचार कर.'

"परीक्षा कोण देतंय नक्की?" बाबांनी विचारलं. "नाही, शुभेच्छा कुणाला द्यायच्या ते ठरवतोय."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यावरच गेलाय तो."

तीन दिवस भोंग्याच्या घरी राहून पुस्तक परत आलं तेव्हा कव्हरवर तेलकट अंगठा उमटला होता. आईने नाक मुरडून पान उघडलं. तिच्या 'इथे लक्ष दे!'च्या खाली, जाड्या पेन्सिलीच्या गिचमिड अक्षरात उत्तर होतं : 'दिलं. काही विशेष नाही.'

तिने डोळे चोळले. पुढच्या पानावर, 'नदी म्हणजे काय? विचार कर' याखाली : 'पाणी.'

"हे त्याने लिहिलंय?"

मुलगा बुटाची नाडी बांधत होता. "त्यांच्या घरी लिहिलंय," तो म्हणाला आणि खेळायला पळाला. तो हल्ली रोज संध्याकाळी मैदानावर जात होता. एरवी आईने एव्हाना चार प्रश्न विचारले असते. पण ती तेव्हा पेन्सिलीला टोक काढत होती.

तिसऱ्या प्रकरणात नावाड्याचा मुलगा होडीघराचं कुलूप केसातल्या पिनेने उघडतो. समासात शेरा होता : 'खोटं. असं कुलूप पिनेने उघडत नाही.'

आईने खाली लिहिलं : 'हे कुलूप प्रतीकात्मक आहे. ते भित्र्या मुलाच्या मनाचं कुलूप आहे.'

तीन दिवसांनी उत्तर आलं : 'मनाचं असलं तरी आत लिव्हरच्या पट्ट्या असतात. पिन वाकेल.'

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांचं कार्टं आणि हा उद्धटपणा! पण खरं सांगायचं तर तिला दुसरंच काहीतरी खुपत होतं. हा मुलगा पुस्तक वाचत होता. नव्वदाव्या पानावर नावाड्याचा मुलगा मित्रासाठी चोरीचा आळ स्वतःवर घेतो, तिथे तिने 'त्यागाचा परमोच्च बिंदू' असं लिहिलं होतं. त्याखाली उत्तर होतं : 'त्याग कसला. याला मार खायची सवय आहे, त्याला नाही. एवढाच हिशेब.' ते तिने पुन्हा एकदा वाचलं. असलं वाक्य तिच्या एक्केचाळीस कार्डांत एकही नव्हतं.

म्हणजे भोंगा बोलणार, आणि चांगलंच बोलणार. मग पुसटला कोण विचारतंय?

गुरुवारी दुपारी तिने 'भिन्न स्वभाव हेच मैत्रीचं खरं वैभव' हे बेचाळिसावं कार्ड लिहिलं आणि त्याच पेनाने, जोडी बदलून मिळावी म्हणून बाईंच्या नावे अर्ज लिहिला. कारण : 'दोघांचे स्वभाव फार वेगळे आहेत.' सादरीकरण शुक्रवारी होतं. पुरावा म्हणून पुस्तक पिशवीत टाकून ती शाळेत पोचली.

शिक्षकांच्या खोलीत बाईंसमोर एक गृहस्थ आधीच बसले होते. कमरेला भला मोठा किल्ल्यांचा जुडगा, बोटं तेलाने काळी. ते तावातावाने सांगत होते, "बाई, माझं पोरगं साधं आहे. त्याच्या जोडीला दिलाय तो पोरगा म्हणजे अतिशहाणा! पानोपानी हुकूम. इथे लक्ष दे म्हणे, विचार कर म्हणे! अहो, मी दिवसभर दुकानात कुलपं खोलतो. प्रतीकात्मक कुलूप आजवर एकही आलेलं नाही माझ्याकडे!"

आई दारातच थांबली. तिने आधी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग पिशवीतल्या पुस्तकाकडे.

"या, या," बाई म्हणाल्या. "बरं झालं आलात. ह्याच त्या अतिशहाण्या पोराच्या आई."

"पोराने नाही लिहिलं ते," आई कशीबशी म्हणाली. "मी लिहिलं."

किल्लीवाले उठून उभे राहिले. जुडगा खणखणला. "ताई, माफ करा. मला वाटलं..."

"मला पण वाटलं."

"गिऱ्हाईक नसलं की वाचायचो. पोरगं घरी आलं की पुस्तक टाकून मैदानावर पळतं, मग म्हटलं आपणच..."

"पण मुलांचं काय?" आईला एकदम आठवलं. "उद्या सादरीकरण आहे, माझ्या मुलाने पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही!"

"सादरीकरण काल झालं," बाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या मी रजेवर आहे. मुलांना आधीच सांगितलं होतं."

"मला बोलला नाही हो तो!"

"तुम्ही विचारलंत?"

"रोज विचारते! कार्डं पाठ झाली का, हे रोज विचारते!"

बाईंनी गुणांची वही उघडली. "दोघांनी दोन प्रकरणंच वाचली होती. पण समास मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. म्हणाले, आम्ही पुस्तकातल्या दोघांबद्दल बोलणार नाही, पुस्तक वाचणाऱ्या दोघांबद्दल बोलतो. भोंगा झाला तुम्ही. पदर सावरून, 'नदी म्हणजे काय? विचार कर!' आणि तुमचा मुलगा झाला हे."

"माझा मुलगा बोलला?"

"'पाणी!' असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायला आले. वर्ग हसून लोळत होता. वीसपैकी अठरा. दोन कापले, कादंबरी वाचली नाही म्हणून."

आईला हसावं की रडावं कळेना. तिने हातातला अर्ज हळूच चार घड्या घालून पिशवीत सरकवला. तिकडे किल्लीवालेही एक कागद खिशात कोंबत होते.

"आता एक काम करा," बाईंनी टेबलावर दोन खोडरबर ठेवले. "पुस्तक ग्रंथालयाचं आहे. समास कोरे करून द्या. जोडीने."

रिकाम्या वर्गात, सातवीच्या बाकावर गुडघे कसेबसे दुमडून दोघं खोडायला बसली. आई डावं पान खोडत होती, किल्लीवाले उजवं. नव्वदावं पान आलं तेव्हा आईने पुस्तकावर हात ठेवला.

"हे राहू द्या."

"बाई रागावतील."

"रागावू देत. मी सांगेन, मी लिहिलं म्हणून."

किल्लीवाले लाजून हसले. मग खाली मान घालून म्हणाले, "ताई, शेवटचं प्रकरण राहिलंय माझं. माझे तीन दिवस आजपासून सुरू होत होते. सांगू नका हां, काय होतं ते."

शेवटच्या पानाच्या समासात आईने अख्ख्या कादंबरीचं सार काढून ठेवलं होतं. तिने पुस्तक घाईने आपल्याकडे ओढलं आणि ते सगळ्यात आधी खोडून टाकलं. मग म्हणाली, "पण दादा, पिन खरंच वाकते?"

"लिव्हरच्या कुलपात? वाकणारच. दुकानात या, दाखवतो."

"पण लेखकाला तसं म्हणायचं नाहीये. त्याला..."

तेवढ्यात खिडकीखालून आरोळी आली, काचा थरथरल्या. "चला ना लवकर! मैदान बंद होईल!"

"काय हा घसा," आई कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "जा तुम्ही, तुमचा मुलगा बोलावतोय."

किल्लीवाल्यांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं आणि परत येऊन निवांत खोडायला बसले.

"माझा गप्प उभा आहे, ताई," ते म्हणाले. "हा तुमचा."