बाहेरून पाठिंबा

प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला, की आमचे शेजारी इब्राहिमचाचा डबा घेऊन एसटीने आरे-वारेला निघून जायचे. दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि भोंगे थंडावले की परत यायचे. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवला निवडणुका एकामागोमाग एक आल्या, तेव्हा चाचा उन्हाने पार रापून गेले.

मत मागायला कोणी त्यांना घरी गाठलंच, तर चाचा त्याला चहा पाजत आणि बांगडा महाग का झाला ते विचारत. तो पक्षाचं बोलू लागला, की म्हणत, "ते माझं खातं नाय." सारी उमर जहाजावर स्वयंपाक करण्यात गेलेली, लग्न केलेलं नाही. "कप्तान कोण, ते कप्तान बघेल. मी भात बघायचा."

भिंतीपलीकडे राहणारा धाकटा भाऊ हसनभाई अगदी उलटा. नळ आटला, गटार तुंबलं, की लोक त्यालाच हाक मारत. पुढे तो नगरपालिकेला उभा राहिला. मतदानाच्या सकाळी चाचा डबा घेऊन निघालेले दिसले. मी म्हटलं, "चाचा, आज भाऊ उभा आहे."

"मग संध्याकाळी बसेल," ते म्हणाले आणि गेले.

हसनभाई चांगलाच आपटला. चाचांच्या एका मताने काही झालं नसतं. पण निकाल लागल्यावर तो चाचांच्या दारात येऊन म्हणाला, "पडलो त्याचं काय नाय. तू रांगेत दिसशील म्हणून मी सारखा बघत होतो."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ईदला शिरकुर्मा पलीकडे जायचा, पण माझ्या बायकोच्या हातून.

मग हसनभाईला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचाही गेली. बायको आधीच वारलेली, मुलगा कुवेतला. चाचा त्याच दिवशी आपली उशी घेऊन पलीकडे राहायला गेले. त्याला भरवायचं, अंग पुसायचं, सगळं तेच करत. आणि रोज सकाळी त्याला पेपर वाचून दाखवत, तोही राजकारणाचाच. नावं चुकत, पक्ष चुकत, मंत्री विरोधकांत जाऊन बसत. मध्येच थांबून चाचा अर्थही समजावून सांगत. हसनभाईच्या तोंडाची चालती बाजू हसायची.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

चाळिसावा झाल्यावर चाचा माझ्या पडवीत येऊन बसले. मग म्हणाले, "बाहेरून पाठिंबा म्हणजे काय हो?"

मी सांगितलं, सरकारच्या बाजूने मत द्यायचं, पण मंत्रिमंडळात जायचं नाही.

"मी त्याला सांगितलेलं, आत जागा नाय म्हणून ते व्हरांड्यात बसतात." ते जमिनीकडे बघत राहिले. "मला वाटायचं, मी जवळ बसतो म्हणून तो हसतो. माझ्या अकलेला हसत असेल."

मी आत चहा टाकायला सांगितला.

"पण हसायचा," चाचा म्हणाले.