बयाक्कांच्या निरोपाची बखर

श्री. ऋतू ज्याचे चाकर, त्या विश्वंभरास दंडवत घालून हकीकत लिहितो ती ऐसीजे. शके सोळाशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरी, एक विस्तीर्ण राज्य होते. उत्तरेस हिमाचे डोंगर, दक्षिणेस तीन अंगी समुद्र. एके सुभ्यात लोक शेकोटीस बसत, तो दुसऱ्यात पंख्याने वारा घेत. राजधानीस कोन्हेरपंत प्रवासाचे अधिकारी होते. कोणी कोठे केव्हा जावे हे पंतांनी सांगावे आणि राज्याने ऐकावे. पंत वाड्याच्या सज्जात उभे राहोन आभाळ पाहत आणि तेच अवघ्या राज्याचे आभाळ समजत. रिवाज ऐसा की, दसऱ्याचे सीमोल्लंघन होईतो कोणी वेस ओलांडू नये.

मग श्रावणमासी पूर्वकिनाऱ्याहून जासूद आला. तेथे पंतांची वडील बहीण बयाक्का दिली होती. आई लवकर निवर्तली, तेव्हा तिनेच पंतांस वाढविले. जासूद मुजरा करून बोलिला, "आक्कासाहेब अंथरुणाला खिळल्यात. म्हणाल्या, कोन्हेराला सांग, आत्ताच ये. अजून वाटा कोरड्या आहेत. दिवाळीला आमचा पाऊस लागतो, मग नदी कोणाला वाट देत नाही."

बाहेर राजधानीवर पाऊस कोसळत होता. पंत हसोन म्हणाले, "दिवाळीला कुठला आलाय पाऊस? आक्काला तापात भ्रम झाला. दसरा होऊ दे, येतो म्हणावं."

मग दसरा जाहला आणि सोने लुटिले आणि पंत पालखीत बसोन निघाले आणि निरभ्र आभाळ पाहोन संतोष पावले आणि मजल दरमजल कार्तिकमासी नदीतीरी आले, तो पुढे पाणीच पाणी. पैलतीरी आक्कांचे घर दिसत होते. नावाडी म्हणाला, "धनी, जीव मागा, होडी मागू नका." पंत तीरावर बसोन राहिले. सांजेस आक्कांच्या ओसरीत दिवा लागे, तो पाहत. एके सांजेस लागला नाही. तेव्हा पंतांनी भर पावसात टाहो फोडिला, "आक्का, तू सांगितलं होतंस गं!"

पाणी उतरल्यावर पंत पलीकडे गेले. शेजारीण म्हणाली, "तुम्ही काठावर आलात हे त्यांना कळलं होतं. तुम्हाला दिसावा म्हणून रोज दिवा ओसरीत ठेवायला सांगायच्या."

मग पंतांनी जुना रिवाज मोडिला आणि वेशीवरील शिळेत नवा कोरविला. त्याचे सार इतुकेच: डोंगरी सुभ्यास वैशाखात जावे, उत्तरेच्या सपाट मुलखी फाल्गुनात, पश्चिमकिनारी पौषात, पूर्वकिनारी माघात. आजारी माणसाकडे निरोप येईल त्याच दिवशी जावे.