मामी पुढं, मामा मागं

आमच्या रंगनाथमामांना शिंकसुद्धा मागं बघितल्याशिवाय येत नसे. नाकाला रुमाल लावून आधी वळायचे, "मागं कोण हाय?" विचारायचे, मगच शिंकायचे. गॅस पेटवताना तेच, स्कूटर सुरू करताना तेच. क्रांती चौकातल्या सिग्नलला एकदा त्यांनी मागच्या रिक्षावाल्याला बाजूला व्हायला लावलं. तो म्हणाला, "कायकू चचा, स्कूटर है के तोप?"

सवय फौजेतली. मामा खांद्यावरून रणगाड्यावर रॉकेट डागायचे. ते नळकांडं मागूनही उघडं. रॉकेट पुढं सुटलं की आगीचा लोट मागं. त्यामुळं खांद्याला धक्का बसत नाही, पण मागं जो असेल तो भाजतो. जोडीदारानं मागं बघून खांद्यावर थाप मारायची, मगच चाप ओढायचा. सरावात एकदा मागं कुणीतरी राहून गेलं होतं. त्यापुढं मामा बोलत नसत.

मामांच्या गावात, देवगाव रंगारीत, तेव्हा बायका नवऱ्यामागून चालत. आमची मामी मात्र पुढं. पारावरून आवाज यायचा, "सुभेदार, लगाम कुणाच्या हातात?" मामी लाजून मागं सरकली की मामा जागीच उभे.

मी एकदा म्हटलं, "मामा, पण रॉकेट तर पुढंच जातं ना?"

"पुढचं मला दिसतं रं."

मूलबाळ नव्हतं. मागच्या वर्षी मामी गेली तेव्हा विस्तवाचं मडकं मामांनीच धरलं. रीतीप्रमाणं ते पुढं, तिरडी मागं. जरा चालले की थांबत, वळत. "तिला पुढं घ्या. माझ्या हातात इस्तू हाय."

ऊन लई होतं. खांदेकरी कुरकुरत होते. कुणीतरी फिसकन हसलं आणि मला लाज वाटली. हो, मामी गेली होती आणि मला लाज वाटत होती. आजवर हे कुणाजवळ बोललो नाही. मामांना ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडलो, "मामा, मागं कोणी नाय आता! चला!" आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग स्मशानापर्यंत वळले नाहीत.

आता ते बसल्या जागी शिंकतात. परवा क्रांती चौकात दिसले, सिग्नलला स्कूटर बंद करून थांबलेले. मी माझी गाडी मुद्दाम त्यांच्या मागं लावली, अगदी खेटून. म्हटलं, आता वळतील, विचारतील.

सिग्नल सुटला. मामांनी किक मारली.