सासूबाईंचं रक्त आणि माझी हुशारी

माझ्या डोक्यात एखादी कल्पना आली की रोहिणी, म्हणजे माझी बायको, आधी देवापुढे दिवा लावते. (मी साखर कारखान्यात कारकून. तिथं माझ्या कल्पना कुणी ऐकत नाही, म्हणून त्या घरी येतात.)

सासूबाई, द्वारकाबाई, कन्हेरीच्या. अंगानं भारी, साखरेचा आजार, आणि अलीकडे चार पावलं टाकली की पायांतलं बळच जायचं. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई बारामतीत येऊन अशाच वयस्कर बायकांच्या रक्तातली अमिनो आम्लं मोजणार होत्या. (डाळ-दुधातली ताकद रक्तात उतरते ती हीच, एवढं मला समजलं.) अशक्तपणाचं कारण सापडेल म्हणून सासूबाई आशेवर होत्या. निरोप होता : रात्री आठला जेवायचं, मग सकाळपर्यंत फक्त पाणी.

पण पहाटे त्या काही तोंडात टाकणार नाहीत, याचा भरवसा कोण देणार? मी ठरवलं, त्यांना आदल्या दुपारीच आपल्याकडे आणायचं. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचा घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्या लग्नाला तर वर्षही झालं नव्हतं.

"अवो, आईला रात्रीचंबी जेवू द्यायचं न्हाय?" रोहिणी म्हणाली.

"पोट जितकं रिकामं, तितकी तपासणी चोख!"

रात्रीची साखर उतरवायची गोळी मात्र मी स्वतः सासूबाईंच्या हातावर ठेवली. (जावई असावा तर असा.)

सकाळी तपासणीच्या ठिकाणी नर्सनं विचारलं, "मावशी, काही खाल्लं का?"

"लेकीच्या घरचं? शिवलं बी न्हाय."

मी मान ताठ केली. रक्त काढून झालं आणि सासूबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून नर्सपुढे धरला. "घे गं बाय. पहाटं मी दोन खाल्लं, ग्वाड हायती."

रक्त वाया गेलं.

"मामी, खाल्लंत कशाला?" मी ओरडलो.

"तुमच्या घरचं कुठं खाल्लं? लेकीसाठी माज्या घरनं आणल्यालं लाडू हुतं." मग त्यांचा आवाज उतरला. "अंग लटलटाया लागलं, घाम सुटला, डोळ्यांम्होरं अंधारी आली. वाटलं, लेकीच्या दारातच मरती का काय मी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाल्लं म्हणून वाचलात. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलं की जिवावर बेततं. पुढच्या खेपेला लेकीकडे पोटभर जेवून या."

"जेवीन. नेम माजाच हाय, मीच मोडीन."

"पण रात्रीचं जेवण बंद केलं कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तपासणीला आलेल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. बाईंनी मला असं झाडलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. शेवटी सासूबाईच मधे पडल्या.

"त्यास्नी रागं भरू नगा, डाक्टरीनबाई. मानूस लई भला हाय. हुशार हाय, असं लगीन जमवताना बी आमाला कुनी सांगितलं न्हवतं."